परातीखालचं पाऊल

आमच्या लेस्टरला पाहुण्यांसमोर बोलताना कुणी ऐकलं असतं, तर वाटलं असतं की ह्या माणसाला जन्मात कधी काटासुद्धा टोचला नसेल. सकाळी चहाचं डबडं निखाऱ्यावरून उतरवता उतरवता तो सुरू करायचा, "तुमच्यातलं कोण किती वेळा उठलं ते मला विचारा. निळ्या तंबूतले काका तीनदा. तिसऱ्या वेळी चप्पल घालण्याइतकाही धीर निघाला नाही." सगळे हसायचे, काका लालेलाल व्हायचे. मग लेस्टर त्यांना वाळूतल्या खुणा दाखवायचा. हा सरडा, हा डिंगो कुत्रा, आणि ही काकांची टाच.

पावलं ओळखण्यात त्याचा हात धरणारा आमच्या वस्तीत कुणी नव्हता. बाप गुरांच्या मळ्यावर घोडेस्वार होता, हरवलेली वासरं माग काढून आणायचा. त्याच्यामागे फिरून हा शिकला. तरुणपणी दारूच्या नादानं ते सगळं घालवून बसला होता. माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला बाटलीतून बाहेर काढलं, आणि दोघांनी मिळून ह्या सहली सुरू केल्या. शहरातली एक कंपनी पाहुणे पाठवायची. दोन गाड्या, आठ कॅनव्हासच्या वळकट्या, पाण्याची पिंपं आणि स्वयंपाकाला मी, डोरीन. पाच दिवसांची वाट. लाल टेकड्या, कोरडी नदी, जुन्या चित्रांचा खडक, आणि शेवटी पाणवठा. राखेत भाजलेली कांगारूची शेपटी बघून पहिल्या दिवशी नाक मुरडणारे शेवटच्या दिवशी हाडं चोखत बसायचे, हे मी कितीदा पाहिलंय.

पाणवठ्याजवळ आलं की लेस्टर सगळ्यांना थांबवायचा. मूठभर वाळू पाण्यात टाकायचा आणि तिथल्या जुन्या माणसांना, म्हणजे पूर्वजांना, मोठ्यानं सांगायचा, "आम्ही आलोय. ही माणसं माझ्याबरोबर आहेत, ह्यांना सांभाळा." मग पुरुष त्याच्यामागे एका अंगाला, बायका माझ्या बहिणीमागे दुसऱ्या अंगाला. बायकांच्या बाजूची गोष्ट ती सांगायची. ती गोष्ट काय, हे मी इथं सांगणार नाही. ज्या बाया उन्हातान्हात तिथवर आल्या त्यांनी ऐकली, तेवढं पुरे.

बहिणीचं नावही सांगणार नाही. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. कुनमनारा म्हणायचं, बस. आणि तेच नाव असलेलं दुसरं कुणी जिवंत असेल, तर त्यालाही कुनमनाराच व्हावं लागतं.

नेल्ली ही बहिणीची आई. माझ्या आईची बहीण, म्हणजे माझीही आईच. आमच्यात मावशी असा वेगळा शब्द नाही. लेस्टर तिचा जावई. सासू-जावयानं एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही, नाव घ्यायचं नाही. नेल्ली दुकानात शिरली की लेस्टर मागच्या दारानं बाहेर. एकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले, तर हा बापडा पाऊण तास भिंतीकडे तोंड करून उभा. नर्सला वाटलं चक्कर येतेय, तिनं खुर्ची आणून दिली. पाहुण्यांना वाटायचं भांडण असेल. भांडण कसलं डोंबलाचं? मान आहे तो. शिकार झाली की पहिला मांडीचा तुकडा सासूकडे जायचा. लाकडाचा भारा जायचा. आणि निरोप जायचा, तो माझ्या बहिणीच्या तोंडून.

"आई म्हणते, लाकूड ओलं होतं."

"त्यांना सांग, पाऊस मी पाडत नाही."

"आई म्हणते, झाकायची अक्कल तर असते ना माणसाला?"

असा बावीस वर्षांचा संसार. मध्ये ती होती म्हणून दोन्हीकडची माणसं एकमेकांची होती.

मग तिच्या किडन्या गेल्या. आमच्याकडे घरोघर हेच आहे. रक्त धुण्याचं यंत्र अ‍ॅलिसला, पाचशे किलोमीटरवरच्या शहरात, आणि एक दिवसाआड त्याला जोडून घ्यायचं, म्हणून तिला शहरातच खोली घेऊन राहावं लागलं. लेस्टर पाच दिवस सहल करायचा आणि दोन दिवस तिच्याकडे. नेल्ली मात्र एकदाही गेली नाही. "तिथली जमीन मला ओळखत नाही," म्हणाली. मला तेव्हा फार राग आला होता. आता येत नाही.

शेवटचं म्हणजे, मार्चमध्ये पाऊस झाला तेव्हा ती एका दिवसासाठी आली. तिला पाणवठा बघायचा होता. मी पाहुणे जाऊन रिकामा झालेला तळ आवरत होते. लेस्टरनं तिला गाडीतून उतरवलं. त्याच्या खांद्यावर भार टाकून ती पाण्याच्या कडेला आली, सपाता काढून एक एक पाऊल चिखलात ठेवत गेली. "थंड आहे गं," मला म्हणाली. पुढे नाल्याला पाणी आलेलं, वस्तीकडचा रस्ता बंद. आईला न भेटताच ती परत गेली. अकराव्या दिवशी शहरातून निरोप आला.

आमच्यात माणूस गेलं की त्याची पावलं पुसायची. त्याला स्वतःचीच पावलं दिसत राहिली तर तो जात नाही, इथंच घोटाळत राहतो. आम्ही बायकांनी फांद्या घेऊन तिच्या घराचं अंगण झाडलं, दुकानाची वाट झाडली, दवाखान्याचा व्हरांडा झाडला, ओल्या पाल्याचा धूर दिला. कंपनीच्या पत्रकावर तिचा फोटो होता, आणि गेलेल्याचा चेहराही बघायचा नसतो. लेस्टरनं खोकंभर पत्रकं मागवून घेतली आणि प्रत्येकावर काळी पट्टी चिकटवली. दोन दिवस तेच करत बसला होता. पाणवठा त्याच्या बापाचा मुलूख, म्हणून तिथलं पुसायचं काम त्याचं. सकाळी एकटा गेला, संध्याकाळी परत आला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," म्हणाला.

नेल्लीनं केस कापले, अंगाला पांढरी माती लावली आणि घर सोडून बाहेर पत्र्याच्या आडोशाला जाऊन बसली. मुलगी नीट गेली असं तिच्या मनाला पटेपर्यंत ती घरात पाऊल टाकणार नव्हती, आणि पाणवठाही तोवर बंद. साधारण वर्षभरानं हे उघडतं. वर्ष झालं, नेल्लीनं मान हलवली. "अजून गेलेली नाही. पहाटे मी चूल पेटवते तेव्हा पाठीमागे येऊन बसते." लोक म्हणाले, म्हातारचळ. पण म्हातारी कुणाचं ऐकते? जून उजाडला, आमच्याकडची दुसरी थंडी आली. बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरायची, आणि आडोशातून तिचा खोकला पलीकडच्या गल्लीत ऐकू यायचा. दवाखान्यातल्या बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी महिनाभर बाहेर झोपली तर ही थंडी काढणार नाही.

सहली चालूच होत्या, पण पाचाच्या चार दिवसांच्या झाल्या. कंपनीतून दर आठवड्याला फोन, पाणवठा कधी उघडणार? लेस्टर म्हणायचा, "बघू." पाहुण्यांशी थट्टा बंद झाली. खुणा दाखवायचा त्या पाठ केलेला धडा म्हणून दाखवल्यासारख्या. एकदा एक डच बाई आली. गाडीतून उतरून हात पुढे करून तिनं नाव सांगितलं, ते नेमकं माझ्या बहिणीचंच. लेस्टरनं हात तसाच मागे घेतला आणि टायर बघायला म्हणून गेला तो अर्ध्या तासानं आला. मी त्या बाईला समजावलं की इथं असेपर्यंत तुम्ही कुनमनारा. बाई इतकी हरखली की विचारू नका. वहीत लिहून घेतलं, चार जणांना सांगितलं की मला इथलं नाव मिळालं. मी कपाळाला हात लावला. आता हिला काय सांगायचं, की बाई गं, तुझ्यावर मेलेल्या माणसाची सावली घातली आहे आम्ही?

त्याच सहलीत मला माझी परात सापडली.

पाव मळायची माझी एनॅमलची परात, निळ्या काठाची. बहीण गेली त्याच सुमाराला ती हरवली होती. लेस्टर म्हणाला होता, पाहुण्यांनी नेली असेल. पाहुणे काहीही नेतात, दगडसुद्धा नेतात आणि मग वर्षानं माफी मागून टपालानं परत पाठवतात, म्हणून मी विश्वास ठेवला. त्या दुपारी कोरड्या नदीत जेवणं झाली आणि लेस्टर पुन्हा "टायर बघून येतो" म्हणून गाडीच घेऊन गेला. टायर बघायला गाडी घेऊन कोण जातं? पाहुण्यांना सावलीत झोपवून मी दुसऱ्या गाडीनं त्याच्या मागावर निघाले. चाकं थेट बंद पाणवठ्याकडे गेलेली.

गाडी ठेवल्या जागेपासून पुढे त्यानं आपली पावलं फांदीनं पुसून टाकली होती. इतका मोठा माग काढणारा, आणि अक्कल बघा. पुसलेली जमीनही बोलतेच की. वाऱ्यानं अशी रेघ उमटत नाही, आणि डावखुऱ्याच्या फांदीची रेघ उलट्या बाजूला वळते. आमच्या वस्तीत डावखुरा एकच.

पांढऱ्या खोडाच्या झाडाखाली तो बसला होता. समोर माझी परात पालथी, तिच्या कडेनं दगड लावलेले.

"माझी परात," मी म्हणाले.

त्यानं दगड बाजूला केले आणि परात उचलली. खाली वाळून विटेसारखं टणक झालेलं एक पाऊल होतं. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. नेल्लीचा पाय तसाच, माझाही तसाच.

"तू म्हणालास, पुसलं."

"पुसलं. अठ्ठावीस होती. सत्तावीस पुसली."

"म्हातारी तिकडे थंडीत मरायला टेकलीय, लेस्टर."

"माहीत आहे."

"मग माहीत असून हे?"

"कळतं गं मला. पण हात वळत नाही." जवळची फांदी त्यानं माझ्यापुढे केली. "तू पूस. मी तिकडे तोंड करतो."

मी फांदी घेतली. तो खरंच तोंड फिरवून उभा राहिला, सासू दिसल्यावर उभा राहायचा तसा. मी त्या पावलाकडे बघत राहिले. थंड आहे गं, असं ती म्हणाली होती ते कानात आलं. शेवटी म्हणाले, "मला पाव मळायचाय. पाहुणे उपाशी आहेत." पाहुणे नुकतेच जेवले होते. परातही तिथंच ठेवून मी निघून आले. म्हणून सांगते, लेस्टरला नावं ठेवायचं तोंड मला नाही.

पुढच्या आठवड्यात लेस्टर पाहुणे आणायला शहरात गेला, आणि नेल्लीनं मला हाक मारली. "मला पाणवठ्यावर ने."

"ह्या थंडीत कशाला, आई?"

"तिथं कुणी काय केलं ते बघायला मला डोळे आहेत. नेत नसशील तर चालत जाते."

गाडीतून उतरल्यावर ती काठी टेकत चार पावलं गेली आणि थांबली. "हे पुसलेलं आठवड्याचं आहे," म्हणाली. "सव्वा वर्षापूर्वी पुसलेलं आठवड्याचं कसं दिसतं?" मी माझ्या पायांकडे बघत राहिले. "आणि डाव्या हातानं." नाव तर ती घेणारच नव्हती. रेघा बघत बघत सरळ झाडाखाली गेली. "ही तुझी परात."

"हो."

"उचल."

मी उचलली. मला वाटलं आता फांदी मोडेल, मला शिव्या देईल, त्याला देईल. ती हळूहळू गुडघ्यांवर बसली. बोट पावलाच्या वर धरून, न लावता, कडेकडेनं फिरवलं.

"टाच किती खोल गेलीय. सगळा भार बाहेरच्या कडेवर. पाय सुजला होता?"

"हो."

"किती?"

"बूट चढत नव्हता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस, आई."

हे मी बोलायला नको होतं. एकदा तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. नेल्लीनं पावलाशेजारी मातीवर तळहात टेकला आणि तशीच बसली. सूर्य झाडाच्या ह्या बाजूचा त्या बाजूला गेला.

"इतकं दुखत होतं, तरी इथवर चालली," बऱ्याच वेळानं म्हणाली. "त्याचा पाय शेजारी होता?"

"खांद्याचा आधार देऊन आणलं त्यानं."

"बरं केलं."

मग तिनं स्वतःच परात पालथी घातली, दगड एकेक करून लावले. मी म्हणाले, "पुसायचं नाही?"

"मी तिला जन्माला घातलं. हे काम माझ्या हातून करून घेऊ नकोस." काठीला धरून उठली. "आणि त्याला काही सांगू नकोस. तो माग वाचेल."

तीन दिवसांनी, सहल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, लेस्टरनंच मला बरोबर घेऊन पाणवठा गाठला. गाडीतून उतरला आणि जागच्या जागी थबकला.

"त्या येऊन गेल्या," म्हणाला. सासूविषयी तो कायम असाच बोलायचा, मानानं. वाकून वाकून वाचत निघाला. "काठी उजव्या हातात. आधी डाव्या हातात असायची, आता दुसराही गुडघा गेला वाटतं. इथं थांबल्या. इथं खोकल्या, काठी दोनदा घसरलीय." परातीपाशी आल्यावर आणखी वाकला. "हे गुडघे. हा हात. केवढा वेळ बसल्या, डोरीन. मुंग्यांनी वाट बदललीय त्यांच्याभोवतीनं."

"दुपारभर बसली."

"आणि पुसलं नाही."

"तिच्यानं झालं नाही."

तो तिथंच खाली बसला. "बावीस वर्षांत त्यांचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. मला वाटायचं, त्या नियम म्हणून बाहेर बसल्यात आणि दुःख माझ्या एकट्याचं आहे." हाताच्या ठशाकडे बघत म्हणाला, "ह्या माझ्याइतक्याच मोडल्यात की गं."

परात उचलून तो पाण्यापाशी गेला आणि भरून आणली. पहिलं पाणी मातीनं पिऊन टाकलं, पावलाला काही झालं नाही. दुसऱ्यानं कडा मऊ झाल्या. तिसऱ्या वेळी तो डाव्या तळव्यानं माती सारखी करायला लागला, आणि तेव्हा त्याला रडू फुटलं. तिच्या मातीच्या दिवशी सगळी वस्ती रडत होती आणि हा मुकाट उभा होता. ते राहून गेलेलं सगळं त्यानं तिथं रडून घेतलं. मीही रडले. "जा आता," तो मोठ्यानं म्हणाला, "तू गेलीस की आई घरात जाईल, जा." परात धुऊन माझ्या हातात दिली. निघताना आपली पावलं त्यानं ह्या वेळी पुसली नाहीत.

सकाळी लेस्टर पाहुण्यांना घेऊन टेकड्यांकडे जायच्या आत मी नेल्लीला तिकडे घेऊन गेले. काही सांगावं लागलं नाही. ती त्याच्या मागानं झाडापर्यंत आली. सावलीतली ती वीतभर जागा अजून ओलसर होती.

"चोहोबाजूंनी फिरलाय," ती म्हणाली. "हिच्यावर मात्र पाय दिलेला नाही."

"कसा देईल?"

"अशीच ठेवली तर तो पुन्हा इथं येऊन बसेल. परात नसली तरी बसेल. ही पुन्हा चालायची जमीन व्हायला हवी." काठी तिनं माझ्याकडे दिली. माझ्या दंडाला धरून चप्पल काढली, आणि उजवा पाय त्या जागेवर ठेवला. नुसता टेकवला नाही, सगळा भार दिला. थोडा वेळ उभी राहिली. मग त्यावरून चालत पुढे गेली, मागे वळून बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्याला सांग, पाहुण्यांना आण. बायकांची गोष्ट आता तू सांगायची. आणि सांग, लाकूड लागेल. घरातल्या चुलीला."

निरोप मी नेला. आता तो मलाच न्यावा लागणार होता. सहलीच्या गाड्या निघायच्या आत नेल्लीच्या दाराशी लाकडाचा भारा पडला होता, ताडपत्रीत गुंडाळलेला, कोरडा खडखडीत. नेल्लीनं तो हातानं चाचपून पाहिला आणि सव्वा वर्षानं ती घरात गेली. खोकलाही हळूहळू कमी झाला. पहाटे चूल पेटवताना आता पाठीमागे कुणी येऊन बसत नाही, असं ती मला सांगते. आणि सांगताना दरवेळी रडते.